सरोजिनीताईंच्या घरचा फॉर्म

लालबागच्या आमच्या तीन गल्ल्यांत सरोजिनीताई दिसल्या की पुरुषमाणसं दुसऱ्या जिन्याने उतरायची. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा आणि आवाज असा की शेवटच्या खोलीपर्यंत जावा. आम्ही दोघी आरोग्य स्वयंसेविका. रक्तदाब, साखर, पोरांचे डोस हे आमचं नेहमीचं काम. गेल्या वर्षी त्यात दारूचे दहा प्रश्न आले. प्रत्येक उत्तराला गुण, आणि बेरीज वीसच्या पुढे गेली की माणसाला दवाखान्यात पाठवायचं.

सर्व्हे निघाला तो ऐन श्रावणात. गटारीला शेवटची बाटली रिकामी करून जो तो विसर्जनापर्यंत सोवळा झालेला. ‘ताई, आपण घेतच नाही,’ असं छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि त्या महिन्यापुरतं ते खरंही असायचं. मी बापडी तसंच लिहून मोकळी होणार होते. पण सरोजिनीताई कसल्या ऐकतात!

‘‘श्रावणाचं कोण विचारतंय? इथे गेलं वर्ष लिहिलंय. किती घेता?’’

‘‘एकच.’’

‘‘एक काय? क्वार्टर? मग सहा लिहिते. तीस मिलीचा एक धरायचा, वर छापलंय.’’

सुतारकाम करणारे धोंडू मेस्त्री असेच सापडले. सव्वीस गुण. ताईंनी त्यांना भर गॅलरीत झापलं, पण दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या आणि पुढे दोन महिने दर मंगळवारी जात राहिल्या. मेस्त्रींनी सोडली. त्यांची बायको आजही ताईंना वाकून नमस्कार करते.

स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, असा आमचा नियम. म्हणून ताईंच्या घरचा माझ्याकडे आला. त्या ओट्यापाशी चहा गाळत होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. त्यांचे यजमान, अजितराव, पाणी प्यायला आत आले. मला बघून हसले, ‘‘काय तुळसाबाई, आमचीही परीक्षा का?’’ म्हणाले आणि बाहेर गेले. तोंडाला बडीशेपेचा वास होता. त्याच्या मागे दुसराही होता. मी माहीमच्या कोळीवाड्यातली. तो वास मला कुणी ओळखायला शिकवायला नको.

ताई पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘लिही शून्य. हे श्रावण पाळतात.’’

मी वर बघितलं नाही. दहाच्या दहा शून्यं लिहिली, चहा प्यायले आणि छान झालाय असंही म्हणाले. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर अजितरावांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. भरती करताना नर्सने विचारलं, दारू, तंबाखू? ताई म्हणाल्या, ‘‘छे, काही नाही. मी आरोग्य खात्याचंच काम करते.’’ नर्सने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले, तर अजितराव चादरीवरून काहीतरी झटकत होते. ‘‘मुंग्या काढा, मुंग्या,’’ म्हणत होते. चादर स्वच्छ होती. हात थरथरत होते, अंगातून घामाच्या धारा. डॉक्टर शंतनू, वयाने आमच्या मुलांएवढे, जखम बघून गेले, रक्त तपासायला पाठवलं. कुठे पू झालाय का, हे ते शोधत होते. जाताना त्यांनी परत विचारलं, ‘‘मावशी, हे रोज घेत नव्हते ना?’’

‘‘नाही हो,’’ ताई म्हणाल्या.

तेवढ्यात शहाळं घेऊन धोंडू मेस्त्री आले. त्यांनी एक क्षण बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ताईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘‘वैनी, माका पण असाच झालला. दारू सोडल्यार तिसऱ्या दिसाक. डॉक्टरांका सांगा.’’

ताई ताडकन उठल्या. ‘‘आमचे हे तुमच्यासारखे नाहीत!’’

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मेस्त्रींनी शहाळं स्टुलावर ठेवलं आणि निघून गेले. मी तोंड उघडायला हवं होतं. मला माहीत होतं आणि ताईंना हेही माहीत होतं की मला माहीत आहे. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

अर्ध्या तासात अजितरावांनी सुई उपटली, कॉटवरून उतरायला गेले आणि पोटाच्या पट्टीवर रक्त पसरलं. दोन वॉर्डबॉयनी त्यांना धरून ठेवलं. ताई धावत डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर, जो आवाज गल्लीत शेवटच्या खोलीपर्यंत जातो त्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘हे पितात. रोज. सकाळपासून. दोन क्वार्टर. मी खोटं बोलले.’’

डॉक्टरांनी चटकन औषध बदललं. दोन दिवस माणूस जातो की राहतो असं होतं. मग उतार पडला.

तिसऱ्या सकाळी डॉक्टर नोंदीसाठी तोच दहा प्रश्नांचा, कोरा फॉर्म घेऊन आले. अजितराव गुंगीत होते, म्हणून प्रश्न ताईंना. त्या बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या. डॉक्टर वाचायच्या आधीच त्या उत्तरं देत होत्या. पहिला, चार. दुसरा, चार. सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, चार. आठवत नाही असं होतं का, तीन. एकही गुण त्यांनी कमी सांगितला नाही. डॉक्टर नुसते लिहीत होते.

शेवटचा प्रश्न डॉक्टरांनी वाचला. ‘‘नातेवाईक, मित्र, डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचारी, यांपैकी कुणी यांच्या पिण्याबद्दल कधी काळजी बोलून दाखवली? कमी करा म्हणालं?’’

हा प्रश्न त्यांनी तीन गल्ल्यांत तीनशे वेळा विचारला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं.

‘‘लिहा शून्य,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुणीच नाही.’’