काठ न सोडणारा माणूस

विहिरी खणणाऱ्या टोळीत त्याला सगळे दोरवाला म्हणत. बाकीचे खाली उतरून खणत आणि हा काठावर दोर धरून बसे. खालचा शेवटचा माणूस वर येईपर्यंत काठ सोडायचा नाही, हा त्याचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. मुलगी झाल्याचा निरोप आला, तरी गडी जागचा हलला नव्हता. बायको ते अजून ऐकवते.

त्याच मुलीला, सहा वर्षांच्या मिरचीला, आणि धाकट्या गोटूला त्याने खालच्या माणसाचा नियम शिकवला होता. दोघं रिकाम्या खड्ड्यात विहीर-विहीर खेळत. तळाशी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि वरून दोर आल्याशिवाय हलायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघं मोठ्या शहरात मावशीकडे आले. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. बायको बहिणीशी गप्पांत रमली आणि पोरांना शहर दाखवायचं काम दोरवाल्याच्या गळ्यात पडलं. काचेच्या उंच इमारती बघून पोरांनी आ वासला. याने मान वर करून पाहिलं आणि वर काय, कुणीही बांधतं, असं सांगून टाकलं.

मग भुयारी रेल्वेचं तोंड आलं आणि तो वाकून खाली बघू लागला. जमिनीच्या पोटात दिव्यांचा झगझगाट, गार वारा, खाली चकचकीत फरशी आणि पाण्याचा टिपूस नाही. एवढी माती कुणी उपसली? नेऊन टाकली कुठे? आणि खणणारे सगळे वर आले असतील ना?

तेवढ्यात मिरचीने गोटूचा हात धरून सरकत्या जिन्यावर पाय ठेवला. जिना दोघांना घेऊन खाली गेला.

दुसरा कुणी बाप असता तर मागोमाग धावला असता. पण पोरं खाली, म्हणजे आपण काठावर! दोरवाल्याचे पाय हलेनात. शेजारच्या वर येणाऱ्या जिन्याकडे बोट दाखवून त्याने खुणा केल्या. खाली दोघं भिंतीला पाठ लावून उभी होती. मिरचीने हात वर केला. सगळं ठीक आहे, दोर सोड, असा त्याचा अर्थ. बाप उतरेना, पोरं चढेनात.

मग गाडी आली. गर्दीचा लोंढा उसळला आणि पोरं दिसेनाशी झाली. लोकांनी त्यांना गाडीत ढकललं तर? आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काठ सोडला.

गाडी गेली, गर्दी ओसरली, तर पोरं तिथेच, भिंतीला चिकटलेली. त्याने दोघांना पोटाशी धरलं आणि लाजलज्जा सोडून रडला. मिरची मात्र त्याच्या खांद्यावरून वर बघत होती.

"बाबा, तू खाली आलास? मग आता आपल्याला वर कोण काढणार?"

पोरांचे हात घट्ट धरून तो दुसऱ्या जिन्यावर चढला. दोर नाही, काठावर कुणी नाही, तरी माणसं आपली वर चालली होती. असलं नवल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

वर आल्यावर गोटू घरी चल म्हणून ओढू लागला. दोरवाला जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. मागून माणसं येत होती.

"थांब जरा," तो म्हणाला, "खालचे सगळे वर येऊ देत."

मिरचीला ते पटलं. ती गोटूला घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि माणसं येतच राहिली.