आईची हाक आणि तेलाचा डबा

तासगावच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली होती, तिथून पुढं बडोद्याला कामाला जायचं होतं, आणि मी गाडीच्या दाराशी दोनदा जाऊन परत आलो होतो. लपवायचं कशाला? मी मुळातच भित्रा, आणि आमच्या गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीत आलेले. त्यांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि खाली येऊन सावधान उभे राहिले. आई मळ्यातून तशीच आली होती, हाताला माती. तिनं भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. निघताना लोक काय काय चांगलं बोलतात. मी म्हणालो, "आबा, काय बी होऊ दे, पर तार करू नगा. तार बघितली की माझा जीवच जाईल. पत्र लिवा." आबा म्हणाले, "बरं." बास, एवढंच. आई हसली. "भ्यालास की हाक मार," ती म्हणाली. "मी ऐकतीया का न्हाई ते बघू नगंस. आपली हाक मारायची." तेवढ्यात गाडी हलली.

गावात राहिलात त्यांना त्या हाकेचं सांगायला नको. पण माझ्यासारखे बाहेर पडलेले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पोरांनी हा प्रकार पाहिलेला नाही. द्राक्षाच्या मण्यात साखर भरली की पाखरं उतरतात. मग बागेच्या दोन टोकांना दोन माणसं बसायची. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं तेलाचा रिकामा डबा बडवायचा, म्हणजे इकडून उठलेलं पाखरू तिकडं टेकत नाही. आमची बाग दीड एकराची. वेलींच्या आत एकट्यानं बसायचं म्हटलं की माझ्या तोंडातून आवाज फुटायचा नाही, म्हणून डबा माझ्याकडं आणि हाक आईकडं. "हाऽऽऽ होऽऽऽ" आलं की मी डबा वाजवायचा. जरा उशीर झाला की ती लगेच दुसरी हाक द्यायची, आणि ती दुसरी हाक पाखरांसाठी नसायची, माझ्यासाठी असायची.

मोठा झाल्यावर मी मामाच्या दुकानात लग्नाचे कर्णे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला लागलो. बेदाणे घ्यायला बडोद्याहून एक व्यापारी यायचे. त्यांची बहीण मीनळबेन शिल्पकला शिकलेली, पण दगडमाती सोडून आवाजाच्या मागं लागलेली. "तिला सोल्डरिंग येणारा आणि कमी बोलणारा माणूस पाहिजे," ते म्हणाले. मी कमी बोलायचो ते भीतीनं. त्यांना ते शहाणपण वाटलं आणि माझं नशीब उघडलं.

बडोद्यात मीनळबेननी कापसाची एक जुनी वखार भाड्यानं घेतली होती. आत नुसत्या वायरी, टेपरेकॉर्डर आणि ऑसिलेटर नावाची एक पेटी. ती पेटी पहिल्यांदा चालू केली तेव्हा मी चार पावलं मागं सरकलो. आवाज होता, पण त्याला वाजवणारा नव्हता, वाद्य नव्हतं, श्वास नव्हता. आमच्याकडं असा आवाज झाला असता तर आधी लिंबू उतरवून टाकलं असतं. मीनळबेन बडोद्याच्या, त्यामुळं मराठी झकास बोलायच्या. "दिनकरभाई, मला आवाजाची खोली करायची आहे. भिंती आवाजाच्या, दारसुद्धा आवाजाचं." मी मान हलवली आणि आबांना पत्र टाकलं की बाईंचं डोकं ठिकाणावर आहे का नाही ते अजून कळलेलं नाही, पण जेवण चांगलं आहे.

हळूहळू भाकरीची रोटली झाली. लूप, फीडबॅक, चॅनल हे शब्द मी चहा म्हटल्यासारखे म्हणायला लागलो. भीती मात्र गावाकडून आणली होती तशीच राहिली. इंग्रजी बोलणारे पाहुणे आले की मी वायरींच्या मागं जाऊन बसायचो आणि नसलेला बिघाड शोधायचो. पोस्टमन फाटकाशी थांबला की आधी त्याच्या हाताकडं बघायचो, कागदाचा रंग तारेचा तर नाही ना ते.

पुढच्या माघात सुट्टीवर आलो तेव्हा मीनळबेननी बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर बरोबर दिला. "तुझ्या गावाचं काहीतरी आण," म्हणाल्या. मी काय आणणार? बागेत आईच्या टोकाला जाऊन बसलो आणि तिची हाक टेप केली. तिला ऐकवली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. "ह्यी मी? लय म्हातारी वाटतीया रं." मग मशिनीत फिरणाऱ्या रिळाकडं बोट करून म्हणाली, "न्हेतोयस खरा, पर जपून ठेव. माजं हाय ते. परत आणून दे." मी म्हणालो, "देतो की." किती सहज म्हणालो मी.

पावसाळा सरता सरता मीनळबेनची खोली तयार झाली. वखारीत सोळा स्पीकर टांगले होते. आईच्या हाकेच्या नकला काढून त्यांनी कुठं आवाज लांबवला, कुठं उलटा फिरवला, कुठं ऑसिलेटरमधून काढून धातूसारखा केला, आणि ती हाक ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर पळायची. बघायला आलेली माणसं डोळे मिटून उभी राहायची. मी आत गेलो आणि माझी पाचावर धारण बसली. सोळा बाजूंनी आई हाका मारत होती, आणि माझ्याजवळ डबा नव्हता. उत्तर नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा हाका मारतेय असंच मला वाटत राहिलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मीनळबेननी विचारलं, "आवडलं नाही?" मी म्हणालो, "आवडलं. भ्यालो." त्या खूष झाल्या. प्रदर्शन संपल्यावर नकलांच्या टेपा पुसून पुन्हा वापरायला घेतल्या, कारण टेप परदेशातून यायची आणि मिळता मिळत नसे. आईचं मूळ रीळ तेवढं मी माझ्याकडं ठेवलं.

मग खंडेनवमी आली. मामाच्या दुकानात त्या दिवशी सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची. मोठा स्पीकर पेटीतून काढून उपडा ठेवायचा, त्याच्या मागच्या लोहचुंबकाला गाण्यांच्या तबकड्या टेकवून उभ्या करायच्या, वर झेंडूची फुलं. मी वखारीत तशीच पूजा मांडली. माझ्याकडं तबकडी नव्हती. सगळ्यात मोलाचं काय, तर आईचं रीळ. ते लोहचुंबकाला टेकवलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. टेपेजवळ लोहचुंबक आणायचं नाही, आवाज पुसला जातो, हे मीनळबेननी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पूजा करणारे हात मामाच्या दुकानातले होते, आणि तबकडीला लोहचुंबकानं काही होत नाही. वर दसरा झाला तरी मांडलेली पूजा मोडायला माझा धीर होईना. पंधरा दिवस ते रीळ तिथंच.

त्यानंतर एका सोमवारी आबांचं पत्र आलं. पत्र म्हणून मी निवांत उघडलं. आबा फौजी, चार ओळींत सगळं: "आईच्या घशात गाठ निघाली. मिरजेस दाखविले. शनिवारी ऑपरेशन. आवाजाची पेटी काढणार. बोलणे बंद होईल, जीव राहील. तार नको म्हणाला होतास म्हणून पत्र. रजा घेऊन हजर व्हावे."

शनिवार होऊन गेला होता. माझ्या भीतीला जपायला आबांनी पत्र लिहिलं आणि पत्र वाटेत रेंगाळलं. तार आली असती तर मी तिला बोलताना शेवटचं ऐकलं असतं. भीतीनं माझं एवढं मोठं नुकसान कधी केलं नव्हतं. मी धावत जाऊन रीळ उचललं, मशिनीवर चढवलं. "हाऽऽ" आलं आणि विरलं. तीन मोजेपर्यंत काही नाही. मग "होऽऽ", परत काही नाही. रिळाची जी बाजू लोहचुंबकाला टेकली होती तिथं टेपेचा प्रत्येक वेढा पुसला गेला होता. मी मशीन बंद केलं आणि ते रीळ न घेताच गाडीत बसलो.

मिरजेच्या दवाखान्यात आई कॉटवर बसलेली होती, गळ्याला पांढरी पट्टी. मला बघून तिनं आधी माझ्या गालाला हात लावला. मग बोट हवेत गोल गोल फिरवलं. रीळ. माझं रीळ कुठंय? मला कळलं, आबांना कळलं नाही. मी म्हणालो, "हाय आये. बडोद्याला हाय, जपून ठेवलंय." तिनं डोळे मिटून मान हलवली, निर्धास्त. तिचा जीव भांड्यात पडला आणि माझा त्याच क्षणी उडाला. खरं सांगायची छाती झाली नाही. आठ दिवस तिच्या उशाशी बसून मी तेच खोटं रेटत राहिलो.

माघात पुन्हा आलो. ह्या वेळी रीळ घेऊन. आई बागेत आपल्या टोकालाच बसली होती, पण आता तिच्या मांडीवर डबा होता. समोरच्या टोकाला कोणी नव्हतं. आबांचा त्या वेळी गुडघा धरला होता. ती नुसता डबा वाजवायची आणि पाखरं उठून पलीकडं निवांत बसायची. मी तिच्यापुढं मशीन ठेवलं. रिळाकडं बघतच म्हणालो, "आये, माझ्या हातनं पुसलं गेलं. पूजेला लावलं आन् पुसलं. उरलंय ते आणलंय." आणि बटण दाबलं.

"हाऽऽ", आणि आवाज गेला. ती ऐकत राहिली. "होऽऽ", पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आवाज गेला तेव्हा तिनं त्या रिकाम्या जागेत डबा वाजवला. पुढच्या जागेतही वाजवला. तिच्याच हाकेला तीच उत्तर देत होती, आणि खांदे हलत होते. रडतेय म्हणून मी खाली वाकलो, तर ती हसत होती. मग तिनं स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं, माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि बागेच्या दुसऱ्या टोकाकडं दाखवलं.

मी गेलो. वेलींच्या आत, एकटा. जन्मात मी तिथं हाक दिली नव्हती. शेजारच्या मळ्यातली माणसं ऐकतील, आवाज फाटेल, आणि मुख्य म्हणजे पलीकडून उत्तर आलं नाही तर? मी उभाच राहिलो. तिनं डबा दोनदा वाजवला. दुसऱ्या हाकेसारखा. मग मी तोंड उघडलं.

आज पुन्हा बडोद्यात आहे, ते रीळ उशाच्या पेटीत आहे. कोणी विचारतं, तुमचं घर कोणतं? बडोद्यातली ही खोली की तासगावकडचा तो मळा? मला एवढंच कळतं की मी हाक देतो आणि पलीकडून डबा वाजेपर्यंत थांबतो. त्या थांबण्यात मी अजून घाबरतो, आणि घर मला तिथंच लागतं. आईच्या घशाची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. परवा आबांना पत्र टाकलं, त्यांच्यासारखंच चार ओळींचं. शेवटची ओळ लिहायला मला सकाळची दुपार झाली: "आबा, इथून पुढं तारच करा."