कुंदाताई आणि ‘हे खरे नाही’

आज सकाळी वारलेल्या माजी आमदार कुंदाताईंना मी कधीच मत दिलं नाही.

देताच येत नव्हतं.

ताई विधान परिषदेवर होत्या, शिक्षक मतदारसंघातून. तिथं मत फक्त शिक्षकांचं. मी चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर, तेही ठेकेदाराकडून.

गावात लोक म्हणायचे, "परिषदेचे आमदार म्हंजे मागल्या दारानं आलेले. त्यांचा काय उपेग?" मीही मान डोलवायचो.

मग एका फर्स्ट शिफ्टला मशीन अवचित खाली आलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ठेकेदाराने हॉस्पिटलमध्ये सांगितलं, घरी कडबा कापताना लागलं.
आमच्या गोठ्यात तेव्हा एकही जनावर नव्हतं.

पोरीच्या शाळेत ताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. माझी बायको मंगल मला घेऊन थेट स्टेजवर गेली.
"ताई, आमी काय मास्तर न्हाई. पर ह्यांचा हात बघा."

ताईंनी सत्काराचा नारळ तिच्याकडे दिला आणि माझा हात हातात घेतला.
"असे अजून आहेत?"
"लई हायेत," मंगल म्हणाली. "बोलत न्हाईत कुणी."

रविवारी ताई आमच्या गावच्या देवळात येऊन बसल्या. कामगार आले, पण हात खिशात. ताई तशा तापट.
"लाज तुम्हाला कसली? काढा हात बाहेर!"

एकेक हात बाहेर आला.
ताईंनी चष्मा काढून पुसला. मग दिवेलागणीपर्यंत प्रत्येकाचं ऐकत बसल्या.

अधिवेशनात त्यांनी प्रश्न टाकला. चाकण परिसरात ठेकेदारी कामगारांची बोटं तुटतात आणि अपघात लपवले जातात, हे खरे आहे काय?

छापील उत्तर आलं: हे खरे नाही.

त्या दिवशी ताईंनी आम्हा काही जणांना पास काढून सभागृहाच्या गॅलरीत बसवलं होतं. मंत्र्यांनी तेच वाक्य वाचलं.

ताई उठल्या. "सभापती महोदय, ज्यांच्या बाबतीत हे खरं नाही, ते वर बसलेत."

"गॅलरीचा उल्लेख करू नका," सभापती म्हणाले.

"नाही करत. मंत्रिमहोदयांनी एवढंच सांगावं, चौकशीला गेलेला अधिकारी कामगारांशी बोलला, की मालकाच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत आला?"

गोंधळ झाला. सरकार ताईंच्याच पक्षाचं होतं. मागून कुणीतरी "ताई, बसा आता" म्हणत होतं.

ताई बसल्या नाहीत.

मंत्र्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. हातातला कागद खाली ठेवला. "फेरचौकशी करतो," म्हणाले. सभापतींनी प्रश्न राखून ठेवला, म्हणजे नवं उत्तर येईपर्यंत तो मिटणार नव्हता.

यावेळी अधिकारी गावात आले. माझा अपघात कंपनीतलाच म्हणून मान्य झाला, मला स्टोअरला काम मिळालं. सगळ्यांचं झालं नाही. दोघांचे ठेकेदार पळाले ते पळालेच.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने ताईंना तिकीट दिलं नाही. मी भेटायला गेलो. म्हटलं, "ताई, आमच्यापायी झालं हे."
"अरे, सरकारला विचारायलाच पाठवलं होतं ना मला?" ताई म्हणाल्या. "विचारलं. चहा घे."

आमच्या मशीनना त्या फेरचौकशीनंतरच सेन्सर बसले. परवा एका नव्या कामगाराचा हात चुकून आत गेला. मशीन जागच्या जागी थांबलं.

तो जरा वेळ हाताकडे बघत राहिला. मग हसला, आणि डबा खायला गेला.

त्याला ताईंचं नावही माहीत नाही.

ताई, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार. 🙏