बायंडिंगला गेलेलं पुस्तक

कसब्यातल्या एका छोट्या वाचनालयात मी रोज दुपारी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाशी बसायचे. विदर्भातल्या तालुक्याच्या गावातून बी.ए. करायला पुण्यात आले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. ग्रंथपाल सरांनी मला काम दिलं, आणि हॉस्टेलवर अभ्यास होत नाही म्हटल्यावर मागच्या खोलीची किल्लीही दिली. त्या खोलीत बसूनच मी पदवीधर झाले.

एकदा पेठेतला एक तरुण आला. एका कादंबरीत आमच्या समाजाची बदनामी केलीय, ती काढून टाका, म्हणाला. आवाज चढवला नाही. जाताना फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी मी एकटा नसेन."

सरांनी पुस्तक आपल्या खणात ठेवलं. "कुणी मागितलं तर बायंडिंगला गेलंय म्हणून सांग." मी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं.

मागणारं माणूस एकच होतं. एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत. मी नवीन असताना 'पानी' म्हणायचे, तेव्हा न हसलेल्या त्या एकट्याच. दर गुरुवारी यायच्या.

"आलं का गं ते?"

"नाही बाई, बायंडिंगला आहे."

चौथ्या गुरुवारी त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इथली मेट्रो बांधून झाली. तुमचं पुस्तक अजून बांधतायत?"

मला हसता आलं नाही. रविवारी फोनवर आईला सांगितलं. ती कधी शाळेत गेलेली नाही. "मास्तरीनबाईशी खोटं बोलतं तू?" ती म्हणाली. "याच्यासाठी शिकवलं काय वं तुले?"

पुढच्या गुरुवारी बाई आल्या तेव्हा सर शेजारीच वर्तमानपत्रांची चळत लावत होते. सर परत मागतील म्हणून मी मागच्या खोलीची किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

"बाई, ते बायंडिंगला गेलेलंच नाही. सरांच्या खणात आहे."

बाई सरांकडे वळल्या. "मला ते आवडेलच असं नाही हो. पण नावडायलासुद्धा आधी वाचावं लागतं ना?"

सरांनी चळतीचे कोपरे जुळवले. मग खण उघडला आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "नोंद कर." तेवढ्यात त्यांना किल्ली दिसली. "ही का बाहेर काढलीस? ठेव आत."

बाई गेल्यावर हळूच म्हणाले, "मी भ्यालो होतो गं. आणि खोटं मात्र तुला बोलायला लावलं."

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं, कपाटात लागलं, आणि तो तरुण दोन मित्रांना घेऊन हजर झाला. सरांनी तीन खुर्च्या पुढे ओढल्या.

"बसा. आपण वाचलंय का?"

"एका पानाचा फोटो आलाय ग्रुपवर."

"मग इथे बसून सगळं वाचा. जे पटणार नाही ते लिहून द्या. कागद आम्ही पुस्तकातच ठेवू. जो पुस्तक नेईल, तो तुमचंही वाचेल."

"म्हणजे काढणार नाही तुम्ही?"

"नाही," सर म्हणाले. "तुमचा कागदही कुणी काढायला सांगितला, तर काढणार नाही."

मित्र कंटाळून निघून गेले. तो मात्र तीन दुपारी बसला आणि दीड पान लिहून दिलं. चिडून लिहिलं होतं, पण मनापासून. शुद्धलेखन दुरुस्त करू का, असं मी सरांना विचारलं. "नको," ते म्हणाले, "त्याचं आहे ते."

तेवढ्या कागदासाठी बाईंनी पुस्तक पुन्हा नेलं. परत देताना म्हणाल्या, "कादंबरी बेताचीच आहे. पत्र बरं लिहिलंय त्यानं. सांग त्याला."

मी सांगितलं. तो लाजला. मग म्हणाला, "बेताची आहे म्हणाल्या ना? मग तेही लिहून द्यायला सांगा की त्यांना!"

बाईंनी दोन पानं दिली. मग आणखी कुणीकुणी दिली. पुस्तक फुगत गेलं, शिवण सैल झाली. शेवटच्या परीक्षेच्या सुमारास सर ते हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हे आता बायंडिंगला टाकायला हवं."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"खरंच गं," ते म्हणाले.