मावसाजींनी केलेला भुताचा पंचनामा

भुतांना कचेरीची वेळ पाळायला लावणारा माणूस सबंध चांदा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा होता. आमच्याकडे मावशीच्या यजमानांना मावसाजी म्हणतात. हे मावसाजी नागभीडला सरकारी कारकून होते, पण त्यांची खरी कीर्ती भुतं तपासण्याची. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. इंग्रज गेले, पण जाताना भुतं काही बरोबर घेऊन गेले नव्हते. कुठे चिंचेखाली बाई दिसे, कुठे विहिरीतून कोणी हाक मारी, आणि लोक रीतसर अर्ज करीत. साहेब ते अर्ज मावसाजींच्या टेबलावर ढकलून मोकळे होत. मग काळी टोपी, छत्री, दौत-टाक आणि दोन पंच घेऊन मावसाजी बरोबर साडेदहाला निघत. रात्री या, असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "काऊन? सरकारी चौकशी हाये. भूत असंल तं त्यानं कामाच्या वेळात हजर राहावं!" पाच वाजेपर्यंत कोणी हजर झालं नाही, की 'सदरहू भूत गैरहजर, सबब अस्तित्वात नाही' असं लिहून, पंचांच्या सह्या घेऊन हे घरी चहाला हजर. अशी किती गरीब भुतं त्यांनी निकालात काढली असतील, देव जाणे.

कागदावर या माणसाची जी श्रद्धा होती ती मी देवळातल्या पुजाऱ्याचीही देवावर पाहिली नाही. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात कोण्या दिवट्यानं त्यांचं वय तीन वर्षांनी कमी लिहून ठेवलं होतं. त्यामुळे धाकटा भाऊ कागदावर थोरला ठरला, तर हे गृहस्थ दर दसऱ्याला सोनं देऊन धाकट्याच्या पाया पडत! तो बिचारा लाजून मागल्या दारानं पळायचा आणि हे टोपी सांभाळत त्याच्या मागे. मावशी कपाळावर हात मारून घेई. "माह्या नशिबी माणूस नाई, दप्तर आलं," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि मावसाजींना ती आपली तारीफच वाटायची.

तर त्या सुमाराला जंगलाच्या कडेचा वेड्यांचा दवाखाना लिलावात निघाला. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथल्या रोग्यांना मोटारीत घालून नागपूरकडे नेलं होतं आणि इमारत ओसाड पडली होती. तुळया अस्सल सागवानाच्या, त्यामुळे ठेकेदारांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. पण मजूर आत पाय ठेवीनात. दररोज दुपारी बाराला आत जेवणाची घंटा वाजते आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई फिरते, असा बोभाटा होता. साहेबांनी मावसाजींना बोलावून सांगितलं, की भूत नसल्याचा दाखला आणा, बडेबाबूची, म्हणजे हेडक्लार्कची, जागा तुमचीच. बडेबाबू व्हायचं स्वप्न मावसाजी वीस वर्षं पाहत होते. पंच म्हणून त्यांनी मला घेतलं, कारण मी शाळामास्तर, माझं अक्षर बरं. आणि शेजारच्या कासमभाई शिंप्यांना, कारण ते कोणालाच नाही म्हणू शकत नसत.

आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसलो. मावसाजींनी खिडक्या मोजल्या, वटवाघळं मोजली. बाराला खरंच आतून घंटा वाजली! कासमभाई दिसले ते थेट फाटकापाशी. "मास्टर, अपन तो कपडे शिवणारे आदमी! भुताची गवाही अपने को नाई जमत!" तिथूनच ते ओरडले. मीही सतरंजीच्या पार कडेला सरकलो होतो, खोटं कशाला बोलू? मावसाजींनी मात्र खिशातलं घड्याळ पाहिलं. "वेळेवर हाये," ते आदरानं पुटपुटले. तेवढ्यात दारात पांढरं लुगडं आलं. हातात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी. मावसाजींनी एका हातानं छत्री ढालीसारखी पुढे धरली, पण सवय वाईट, दुसऱ्या हातानं टाक दौतीत बुडवून त्यांनी विचारलं, "नाव?"

"गिरजा."

"धंदा?"

"सैपाक करतो जी. तुमी जेवाले आले का?"

भूत नव्हतं, जिवंत बाई होती. कुरखेड्याकडची. नवरा मेल्यावर दिरानं शेतीसाठी तिला वेडी ठरवून इथं आणून टाकलं होतं. इथं ती रांधायला लागली. मोटार आली त्या सकाळी ती जंगलात मोहफुलं वेचायला गेली होती. परत आली तर सगळं सामसूम. तेव्हापासून कोठीतलं उरलेलं धान्य आणि रानातली कंदमुळं रांधून, घंटा वाजवून एकटीच जेवत होती. मावसाजींनी बरोबर आणलेली रोग्यांची यादी उघडली. गिरजाच्या नावापुढे 'मयत' असं लिहिलेलं होतं. मोजणीत एक डोकं कमी भरलं, कारकुनानं मारून टाकलं! "सही हाये... शिक्का हाये," मावसाजी परतपरत बघत राहिले. गिरजानं त्यांचे पाय धरले. "दिराकडे नका धाडू बाप्पा, अन् मोटारीत बी नका घालू. मी येडी नाई. मले इथीच राहू द्या."

भूत नाही असं लिहिलं असतं तर मावसाजी बडेबाबू झाले असते आणि गिरजा मोटारीत गेली असती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि लिहिलं: 'सदरहू इमारतीत एक स्त्री-भूत कायम वास्तव्यास आहे. वय अंदाजे चाळीस. स्वभाव शांत. इमारत पाडल्यास कोपण्याचा संभव.' मी म्हटलं, "मावसाजी, अहो, खोटं लिहिताय!" तर माझ्यावरच उखडले. "खोटं कुठी हाये, मास्तर? सरकार म्हणते मेली, अन् ते चालून-बोलून राह्यली. याले भूत नाई तं काय म्हणतेत?" मी सही केली. कासमभाईंनी फाटकापाशीच केली.

लिलाव बारगळला. बडेबाबूची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि भुतं निकालात काढणाऱ्या मावसाजींना भूत दिसलं म्हणून अख्खी कचेरी खो खो हसली. 'तपास चालू आहे' म्हणत दर रविवारी मावशीनं बांधून दिलेले तांदूळ-मिरची घेऊन मावसाजी दवाखान्यात जात, आणि बाराच्या घंटेला गिरजाच्या पंगतीला बसत.

असा तपास पाच-सहा वर्षं चालला. मग एका उन्हाळ्यात गिरजा तापानं गेली. अग्नी मावसाजींनीच दिला. दहाव्याला नदीवर विधी सांगणाऱ्या महाराजांनी मयताशी नातं विचारलं आणि वहीत टिपून घ्यायला पेन्सिल काढली. जन्मभर दुसऱ्यांच्या नावापुढे रकाने भरणारा तो माणूस त्या पेन्सिलीकडे बघत राहिला. "बहीण," ते म्हणाले, आणि लगेच पुढं होऊन त्यांनी महाराजांची वही आपल्या हातानं मिटली. "लिहू नका, महाराज. कागदानं तिले एकदा मारलं हाये." एवढं बोलून मावसाजी त्या वाळूत खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.