दगडावर चढणारी गाडी

कुंभारी रस्त्यावरच्या त्या गॅरेजवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. भंगारातल्या पिकअपचे अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स काढून त्यानं खडकांवर चढणारी गाडी जुळवली होती. तिला दारं नव्हती, छप्पर नव्हतं, चाकं मात्र कमरेएवढी. लोक हसले की तो त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा आणि परत गाडीखाली शिरायचा.

"रस्त्यावर काय, कुणीबी चालवतंय की," असं म्हणत एका सकाळी त्यानं मला शेजारी बसवलं आणि गाडी जुन्या दगडखाणीत घातली. ती गुरगुरत वर चढू लागली. मध्येच एक चाक हवेत उठलं. मी डोळे गच्च मिटले. तो शीळ घालत होता.

माथ्यावर पोचलो, तर तिथं शेळ्या आधीच उभ्या. त्यांना राखणारी म्हातारी म्हणाली, "एवढा दणका कशापायी रं? माझ्या शेळ्या रोज चढत्यात हितं."

त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग डोळे मिचकावत तो म्हणाला, "व्हय मावशी, पण त्या तुमाला पाठीवर घिऊन चढत्यात का?"

म्हातारीनं थोडा विचार केला. मग काठी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि माझ्या जागेवर जाऊन बसली.

ती दोघं गाडीत बसून खाली गेली. मी शेळ्या हाकत मागून आलो.