पाच टोळ्या

दहा वाजता तळ्यात जाळं पडणार होतं, आणि घड्याळजी साडेआठलाच बूट चढवून दारात उभे होते. सकाळचा चहासुद्धा घशाखाली उतरला नव्हता.

"थांबा, मी येतेय," बायको चपला शोधत म्हणाली. "आठवडाभर एकट्याने फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघ्यांचं नाही. काठी घ्या."

नजर अधू झाली तेव्हा त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं. मोतीबिंदू काढा म्हणून बायको सहा वर्षं कानीकपाळी ओरडत होती, पण डोळ्यापाशी सुरी येणार म्हटलं की या माणसाची पाचावर धारण बसायची. मग रिकाम्या हातांनी करायचं काय? वसाहतीमागच्या तळ्यातले ब्रीम मोजायचे. ब्रीम म्हणजे ताटलीसारखे रुंद, चपटे मासे, कायम टोळीने फिरणारे. रोज सकाळी तळ्याला एक फेरी आणि पाच ठिकाणी बैठक: पायऱ्या, पंपघर, होडीचा धक्का, लव्हाळ्याचा कोपरा, पूल. बसण्याआधी काठी दगडावर तीनदा आपटायची, पावाचा चुरा टाकायचा आणि वर आलेल्या काळपट पाठी मोजून वहीत मांडायच्या. पाचही ठिकाणी आकडा चाळीसच्या आसपास. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. आमच्या घड्याळजींना अभिमान वाटला.

"पाचही टोळ्यांना शिस्त आहे हो," ते ज्याला त्याला सांगायचे.

तळ्याचं कार्यालय त्यांचीच वही प्रमाण मानायचं. यंदा पाणी आटलं तेव्हा इंजिनीअरबाईंनी त्या वहीवरूनच ठरवलं, की दोन टोळ्या धरून बाजारात पाठवायच्या, म्हणजे उरलेल्या तीन तरी जगतील. घड्याळजींनी जड मनाने मान हलवली होती.

पायऱ्यांवर त्यांनी काठी आपटली, चुरा टाकला. मासे वर आले आणि म्हातारा बघतच राहिला. सहा वर्षं जे नुसते डाग होते, त्यांना आज खवले होते, डोळे होते. एकाची शेपटी अर्धी तुटलेली होती आणि पाठीवर पांढरा चट्टा होता.

"हा तुकड्या," त्यांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. बायको दुखरी कंबर धरून पायऱ्यांवरच टेकली आणि ते पंपघराकडे निघाले.

पंपघरापाशी चाळीस पाठी वर आल्या. त्यांत अर्धी शेपटी होती. पांढरा चट्टाही होता.

घड्याळजींनी बायकोला फोन लावला. "अगं, तिथे मासे आहेत का?"

"इथे कुठले? तुम्ही काठी टेकत निघालात आणि सगळी वरात तुमच्या मागे गेली."

धक्का, लव्हाळा, पूल. गुडघ्यांची पर्वा न करता ते फिरले. तिन्ही ठिकाणी तुकड्या त्यांच्या आधी हजर. दोन टोळ्या धरायला निघालेले लोक अख्खं तळं उपसून नेणार होते, आणि तेही घड्याळजींच्या वहीवरून.

ते पायऱ्यांशी पोहोचले तेव्हा कोळी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. जाळं तिन्ही बाजूंनी लागलं होतं, फक्त पुलाकडचं तोंड उघडं होतं. मुकादमाने बांबू दगडावर तीनदा आपटला.

"तुमचीच युक्ती, काका," तो हसला. मासे आत शिरले होते.

"थांबा! टोळी एकच आहे!"

इंजिनीअरबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, सहा वर्षं तुम्हीच पाच लिहिताय."

"चुकलं. सगळी वही चुकलीय." हे बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाच मिनिटं तोंड उघडं ठेवा. फक्त पाच मिनिटं."

बाईंनी घड्याळात पाहिलं. "पाचच."

त्यांनी काठी बायकोच्या हातात दिली. "पुलावर जा. तीनदा आपट."

एरवी प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारी बायको लगेच निघाली. दुखरी कंबर धरून, पावलापावलाने. घड्याळजी कठडा घट्ट धरून उभे राहिले. चार मिनिटं झाली. मुकादमाने दोरी मुठीत घेतली.

ठक. ठक. ठक.

जाळ्यातला काळा पट्टा हलला, वळला आणि उघड्या तोंडातून पुलाकडे निघाला. सगळ्यात शेवटी तुकड्या गेला. दोरी ओढली तेव्हा जाळ्यात शेवाळ आलं.

कोळ्यांनी होडीतून उरलेलं तळं पालथं घातलं. दुसरी टोळी कुठेच नव्हती. जाळं गुंडाळलं गेलं.

"उद्यापासून काठी नाही आणि पावही नाही," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "मग मोजा."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्यांपर्यंत आले. तासभर दोघं पाणी न्याहाळत बसली. पाणी हललं नाही. शेवटी त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: पायऱ्या, शून्य.

"बरोबर लिहिलंत ना?" बायकोने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."